बार्शीचा हिशेब

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या चारी अंगांना रानात खोप्या उभ्या राहतात. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर. कारखान्याचं धुराडं पेटायच्या आधीच बीड-उस्मानाबादकडनं ट्रक भरून माणसं येतात आणि पुढं चार-पाच महिने आमच्या उसाच्या पट्ट्यात मराठवाड्याची बोली ऐकू येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्याच्या नावावर मिळते. त्यामुळं बाई पोटुशी असली तरी कोयता अर्धा होत नाही.

गेल्या हंगामात शिरोळ तालुक्यातल्या एका फडावर अशीच एक पोरगी दिसली. वीस-एकवीसची, सातवा महिना. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि फळीवरून तोल सांभाळत ती ट्रकात चढत होती. सासू खाली वाढ्यानं मोळ्या बांधत होती. दोघी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंबकडच्या. दुपारी भाकरी सोडून बसल्या तेव्हा मी पोरीला विचारलं, दवाखान्यात नाव घातलंयस का? तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्डासोबत जपलेलं माता व बाल संरक्षण कार्ड काढून दिलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. नोंदी बऱ्यापैकी भरलेल्या होत्या. आम्ही बोलत असताना सासू मध्येच म्हणाली, "आमच्या टायमाला कारड न्हवतं. पर बार्शीच्या बाया आल्त्या गावात. पिशवीचं तोंड बघून गेल्या."

मी दचकलेच. त्या 'बार्शीच्या बाया' कोण, हे मला वाचून माहीत होतं. ज्यांचं तोंड बघितलं त्यांच्यातली एक समोर मिरचीचा ठेचा खात बसली असेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

पिशवीचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. या इवल्याशा जागेचं आपल्याकडं एक विचित्र नशीब आहे. बाई गरोदर असते तेव्हा ते तोंड साऱ्या जगाच्या काळजीचा विषय असतं. मिटलेलं आहे का, किती उघडलं, किती बोटं. कोल्हापूरला तर ही काळजी नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, डॉ. कृष्णाबाई केळवकर बाळंतपणं करत होत्या. पण मूल बाहेर आलं, टाके वाळले, की त्या जागेकडं पुन्हा कुणी बघत नाही. खुद्द ती बाईसुद्धा नाही. 'अंगावरून जातंय' एवढं ती जावेला सांगते आणि कामाला लागते.

आता ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची, एचपीव्हीची, चाल बघा. शरीरसंबंधातून हा विषाणू पिशवीच्या तोंडाशी येतो. बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतोच, आणि बहुतेकींचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावतं. त्यामुळं पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाच्या वयात तो भेटणं साधी गोष्ट आहे. गरोदरपणात तो सापडला म्हणून घाबरायचं कारण नसतं. एवढ्यासाठी सिझेरियन लागत नाही, आणि बाळाला त्यापासून त्रास होणं फार दुर्मिळ. पेशींत थोडा बिघड दिसला तरी डॉक्टर सहसा नुसती नजर ठेवतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा तपासतात. कित्येकदा तो बिघड तोवर आपोआप ओसरलेला असतो. घात होतो तो मोजक्या जणींचा. त्यांच्यात विषाणू मुक्काम ठोकतो, विशेषतः १६ आणि १८ या क्रमांकांचे प्रकार, आणि दहा-पंधरा-वीस वर्षं गुपचूप काम करत राहतो. म्हणजे बघणारे असतात तेव्हा बघण्यासारखं काही नसतं, आणि बघण्यासारखं होतं तेव्हा बघणारं कुणी नसतं.

क्वचित याच्याही उलट घडतं. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ राहणारी हेन्रिएटा लॅक्स १९५० मध्ये पाचव्यांदा बाळंत झाली. आत काहीतरी गाठ लागतेय, असं ती घरच्यांना आधीपासून सांगत होती. बाळंतपणाच्या वेळच्या आणि नंतर दीड महिन्यानं झालेल्या तपासणीच्या कागदांत गर्भाशयमुखात काही वावगं असल्याची नोंद नाही. १९५१ च्या सुरुवातीला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातल्या डॉक्टरला तिथं ठसठशीत गाठ दिसली. त्याच ऑक्टोबरात ती गेली, वय ३१. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या पेशी 'हीला' या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन हे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ पॅपिलोमा विषाणूत आहे असं सांगत होते, तेव्हा बाकीचे नागिणीच्या जातीतल्या हर्पिसमागं लागले होते. त्सुर हाउझेन यांच्या गटानं १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा प्रकार कॅन्सरच्या गाठीतून वेगळा काढला, पाठोपाठ १८ क्रमांकाचा. हा १८ क्रमांकाचा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींतही सापडला. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळालं.

गुन्हेगार कोण ते कळलं. पण गुन्हेगार माहीत असणं आणि बाई मरू न देणं यांत बरंच अंतर होतं. ते कापण्याचं काम बार्शीत झालं.

बार्शी आम्हा कोल्हापूरकरांना तशी लांबची नाही. मिरजेवरून पंढरपूर, कुर्डुवाडी करत जी गाडी लातूरकडं जाते, तिच्या वाटेवरचं हे गाव. पूर्वी इथून अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावायची. डाळींचा बाजार आणि भगवंताचं देऊळ एवढीच ओळख असलेल्या या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं. तिथं डॉ. भगवान नेने होते, आणि पाठीशी मुंबईचं टाटा मेमोरियल. १९८७ मध्ये त्यांनी एक अगदी नीरस वाटणारं काम हाती घेतलं. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत कॅन्सर कुणाला झाला, कोण त्यानं गेलं, याची नोंदवही. खेड्यांतल्या लोकसंख्येची अशी नोंदवही देशात पहिलीच.

नीरस म्हटलं, पण या वहीशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. शहरात कॅन्सरचे आकडे हॉस्पिटलांतून गोळा होतात. खेड्यात बाई हॉस्पिटलात येतच नाही, तिथं आकडा येणार कुठून? म्हणून माणसं गावोगाव फिरली. सरपंच, मास्तर, दाई, जुने रुग्ण यांना गाठून विचारलं. आणि विचारता विचारता सांगूही लागली, की पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, पांढरं जाऊन वास यायला लागला, तर घरी बसू नका. नुसत्या या सांगण्याचा परिणाम वहीतच उमटला. बाया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले.

मग मोठा डाव मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधल्या कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन, टाटाच्या डॉ. केतायून दिनशॉ आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री, बार्शीचे नेने. पैसा गेट्स फाउंडेशनचा. जिल्हा उस्मानाबाद, आजचा धाराशिव. दुष्काळ, कुसळं आणि स्थलांतर यांसाठीच बातमीत येणारा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. एका भागाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगर. चौथ्याला तपासणी नाही, फक्त माहिती आणि जिल्ह्यात जी काही सोय होती ती. ऑक्टोबर १९९९ मध्ये काम सुरू झालं. आशाताई तेव्हा नव्हत्याच, ती योजना पुढची. घरोघरी जाऊन बायकांना टेबलावर झोपायला राजी करणं हे प्रकल्पाच्या सेविकांचं काम होतं. ज्या भागात नवऱ्यासमोर पदर ढळत नाही, तिथं बोलावलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आल्या. या एका आकड्यासाठी मी त्या सेविकांना सलाम करीन.

तिन्ही तपासण्या जवळून बघण्यासारख्या आहेत. व्हिनेगरची सगळ्यांत साधी. पिशवीच्या तोंडाला चार-पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात बघायचं. बिघडलेली जागा दुधाच्या सायीसारखी पांढरी पडते. जागच्या जागी निकाल. पॅपमध्ये पेशी खरवडून काचेवर पसरतात, रंगवतात, आणि मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून हजारो बऱ्या पेशींत चार वाईट पेशी शोधतं. एचपीव्हीच्या चाचणीत बघायचं असं काही नसतंच. छोट्या ब्रशनं घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जातो. विषाणूचा डीएनए असला तर त्याला त्याच्या जोडीचा, आधीच तयार ठेवलेला आरएनएचा तुकडा चिकटतो. ही जोडी प्रतिपिंडं पकडून धरतात आणि शेवटी रसायन घातलं की प्रकाश निघतो. इतका मंद की डोळ्यांना दिसत नाही, यंत्र मोजतं. उजेड पडला तर विषाणू आहे, अंधार राहिला तर नाही.

ज्यांच्यात काही सापडलं त्यांना दुर्बिणीसारख्या कॉल्पोस्कोपनं तपासून, बिघडलेली जागा गोठवून किंवा विजेच्या तारेच्या कड्यानं काढून टाकली. कॅन्सरच निघाला तर पुढचे उपचार.

२००५ मध्ये पहिला हिशेब बाहेर आला, आणि तो एचपीव्हीवाल्यांना खट्टू करणारा होता. गंभीर बिघड सापडण्याचं प्रमाण व्हिनेगरच्या गटात ०.७ टक्के, पॅपमध्ये १ टक्का, एचपीव्हीत ०.९ टक्के. सगळं साधारण सारखंच. लेखकांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं की जास्त पैसा ओतूनही एचपीव्ही चाचणीची शिकार पॅपइतकीच आहे. शिवाय बार्शीसारख्या ठिकाणी पॅप इतकं चांगलं होऊ शकतं, हीच मोठी बातमी ठरावी अशी परिस्थिती होती. एखाद्या घाईच्या प्रकल्पानं इथं वही मिटली असती.

इथं वही मिटली नाही, कारण वहीची सवय होती. किती सापडलं हा त्यांच्या लेखी मधला आकडा होता. शेवटचा आकडा एकच, किती जणी मेल्या. आणि तो कळायला वर्षं थांबावं लागतं, गावात पुन्हा पुन्हा जावं लागतं. कोण वारलं, कशानं, हे दारात उभं राहून विचारावं लागतं.

२ एप्रिल २००९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आकडा छापून आला. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ६४ मृत्यू. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. एकदाच, आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र ठाम म्हणावा असा फरक पडलाच नव्हता. गंमत अशी की कॅन्सर सापडले ते एचपीव्हीच्या गटातच थोडे जास्त, १२७. तपासणी न झालेल्यांत ११८. फरक होता वेळेचा. न तपासलेल्यांपैकी ८२ जणींचा आजार दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेत गेलेला. एचपीव्हीच्या गटात अशा ३९.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोठा वाटतो तो एक आडबाजूचा आकडा. ज्यांना 'काही नाही' असं सांगितलं, त्यांचं पुढं काय झालं? पॅपमध्ये निर्दोष ठरलेल्यांत वर्षाला लाखामागं १५.५ जणींना पुढं कॅन्सर झाला, व्हिनेगरच्या निर्दोषांत १६. एचपीव्हीच्या निर्दोषांत फक्त ३.७. म्हणजे त्या यंत्रात अंधार राहिला, तर तो भरवशाचा अंधार होता. बाईला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं, 'जा, बरीच वर्षं काळजी नको.' कोट्यवधी बायकांच्या देशात, जिथं दर तीन वर्षांनी पॅप करणं स्वप्नातही शक्य नाही, तिथं हा भरवसाच खरा शोध होता. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, त्या निर्णयामागच्या पुराव्यांत उस्मानाबाद आहे.

त्या ६४ बायकांचं काय, हा प्रश्न विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. तपासणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना एका गटाला ती का दिली नाही? प्रयोगवाल्यांचं उत्तर असं की देशात त्या वेळी बायकांना अशी तपासणी द्यायची पद्धतच नव्हती. उत्तर खरं आहे. माझं समाधान मात्र त्यानं होत नाही.

दुसरा राग त्याहून मोठा आहे. उस्मानाबादच्या शेजारी बीड. २०१९ मध्ये सरकारी समितीनं तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पोट दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून गेलेल्या कित्येकींना 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली होती. काहींची तर तिशीसुद्धा उलटली नव्हती. कुणाला काही होणार नाही हे सांगणारी चाचणी शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झालेली, आणि इकडं कॅन्सरच्या नावानं पोटं फाडली जाताहेत.

गोष्टीचा शेवटचा भाग याच बार्शीत, पण जुगार वेगळा. सप्टेंबर २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशातल्या काही केंद्रांवर १० ते १८ वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींना एचपीव्हीची लस द्यायला सुरुवात झाली. प्रश्न साधा होता, तीन डोसांऐवजी दोन पुरतील का? वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. पण आंध्र आणि गुजरातेत दुसऱ्याच एका लस प्रकल्पात काही मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध जोडता आला नाही, तरी गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं देशभरातलं हे लसीकरण थांबवायला सांगितलं. सुया जिथं होत्या तिथं थबकल्या. १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती. कुणाचे तीन डोस झाले, कुणाचे दोन. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला आणि पुढचा कधी आलाच नाही.

प्रयोग मोडला. पण पुन्हा तीच वहीची सवय. या मुलींचा पाठलाग सोडला नाही. आणि इथं लग्न आणि बाळंतपण पुन्हा हिशेबात आलं. विषाणू आला की नाही हे लग्नाआधी कुणाला तपासता येणार नव्हतं, गरोदरपणात घाई करायची नव्हती. म्हणून ठरलं, लग्नाला दीड वर्ष झालं की, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा पहिला नमुना घ्यायचा. मग दरवर्षी. मुलगी सासरी गेली, गाव बदललं, आडनाव बदललं, मांडीवर मूल आलं, तरी तिला शोधायचं. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला. १६ आणि १८ क्रमांकांच्या मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूपासून संरक्षण, तीन डोसवाल्या ९३.३ टक्के, दोन डोसवाल्या ९३.१, आणि एकच डोस मिळालेल्या ९५.४.

असा प्रयोग त्या वेळी कुणी मुद्दाम आखला असता तर नीतिसमितीनं कदाचित दारातूनच परत पाठवला असता. अर्धवट राहिलेल्या कामानं सांगितलं की एकच पुरतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं जाहीर केलं, आणि गरीब देशांसाठी लशीचा खर्च एका फटक्यात उतरला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लशीला परवानगी मिळाली.

हे सगळं त्या फडावर सांगायचं कसं? मी सासूला एवढंच विचारलं, त्या बायांनी काय केलं होतं? ब्रश फिरवला, की औषध लावून बघितलं? तिनं डोळे बारीक केले. आठवेना. वीस वर्षांवर झाली. बॅटरी होती, एवढं आठवत होतं. गावातून टेम्पोनं नेलं होतं आणि परतताना सगळ्या जणी लाजून हसत होत्या. म्हणजे ती कोणत्या गटातली हे आता कळायचं नाही. तिचा अंधार भरवशाचा होता की नुसता व्हिनेगरचा अंदाज, हेही नाही.

"काय म्हणाल्या मग?"

"काय न्हाई म्हनल्या. चांगलं हाय." तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा सुनेच्या ताटलीत टाकला. "मागं पोटात दुकाया लागलं तवा एक डाक्टर म्हनला, पिशवी काढून टाक. माज्या दोगी जावांनी काढली. म्या न्हाई. त्या बायांनी बगून सांगितल्यालं व्हतं की."

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. सुनेनं कार्ड पुन्हा प्लास्टिकात गुंडाळून कनवटीला खोचलं आणि एक हात कमरेवर ठेवून, दुसरा सासूच्या खांद्यावर टाकून उठली.